कळलावीचे विष आणि धानाची काडी

श्रावण-भाद्रपदात सिंदेवाहीहून मूलच्या किंवा नागभीडच्या रस्त्याला लागले की जंगलाच्या काठाने झुडपांवर चढलेली कळलावी दिसू लागते. पिवळ्या बुडाच्या, लाल टोकांच्या, वर उलटलेल्या सहा पाकळ्या. दुरून पाहिले तर झुडपात कुणी पलिते खोचून ठेवल्यासारखे वाटते. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते यामुळेच. दुसरे नाव लांगली, कारण जमिनीतला कंद नांगरासारखा वाकडा. मराठीने मात्र नावातच उपयोग सांगून टाकला आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंद उगाळून बेंबीवर किंवा तळपायाला लावायची रीत जुनी आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत भांडणे लावून देणाऱ्यालाही मराठीत कळलाव्याच म्हणतात, आणि वेलीची ही बदनामी तशी रास्त आहे.

आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत धरले आहे आणि शोधन केल्याशिवाय ती वापरायची नाही, असे बजावले आहे. तरीही सांधेदुखीवरचा उपाय म्हणून, कधी नको असलेल्या गर्भावर, तर कधी दुसराच खाण्याजोगा कंद समजून ती पोटात जाते. पहिले काही तास फारसे काही होत नाही आणि तिथेच माणूस फसतो. मग ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. पावसाळ्याचे दिवस असतात, गावात हगवणीचे इतर रुग्णही असतात, त्यामुळे सलाइन लावले जाते, रुग्णाला थोडा उतार वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू लागतात, मूत्रपिंड आणि हृदय दमतात. यातून जो वाचतो त्याचे केस दहा-बारा दिवसांनी मुठीमुठीने गळतात. श्रीलंकेतून अशा रुग्णाची नोंद १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली होती, अंगावरचे जवळजवळ सगळे केस गेले होते.

आतडे, रक्त आणि केस यांचा एकमेकांशी संबंध काय? शरीरात सतत नव्या पेशी तयार होत असतात अशा या जागा. कळलावीतले कोल्चिसिन पेशीचे विभाजन अर्ध्यावर थांबवते. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रे दोन टोकांना ओढून न्यावी लागतात. ही ओढाओढ ज्या दोऱ्या करतात त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकावर एक रचून ही पोकळ नळी बनते. तिची जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे अशा सुमारे तीन हजार नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एका केसाची जाडी भरेल. कोल्चिसिन ट्युब्युलिनच्या कणाला चिकटते आणि नळीची रचना पुढे सरकू देत नाही. दोरीच नाही, तर ओढणार कशाने?

आता एक साधा प्रश्न, जो शाळकरी मुलाला सुचतो आणि मोठ्यांना सुचत नाही. कळलावीलाही पेशी आहेत. तिलाही दर पावसाळ्यात कंदातून कोंब काढायचा असतो, पेशी वाढवायच्या असतात. मग अंगभर कोल्चिसिन घेऊन ती स्वतः का मरत नाही?

याचे एक मोठे कारण असे की वनस्पतींचे ट्युब्युलिन आणि प्राण्यांचे ट्युब्युलिन यांत थोडा फरक आहे. दोघांची घडण जवळजवळ सारखी, पण कोल्चिसिन ज्या खाचेत बसते तिथे फरक पडतो, आणि वनस्पतीच्या ट्युब्युलिनला ते शेकडो पटींनी सैल चिकटते. १९३७ साली ब्लेक्सली आणि अ‍ॅव्हरी यांनी कोल्चिसिन वापरून रोपांमधल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते असे दाखवले आणि पीक सुधारणाऱ्यांच्या हातात एक हत्यार आले. बिनबियांचे कलिंगड त्याच वाटेने आले. पण रोपासाठी वापरायचे द्रावण माणसाच्या पेशीला लागणाऱ्या मात्रेच्या मानाने कितीतरी तीव्र ठेवावे लागते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोल्चिसिनची बाटली हाताळताना मोजे घालायचे ते म्हणूनच. रोप जेवढे सोसते तेवढे माणूस सोसत नाही.

हा फरक माहीत झाला तो औषध शोधणाऱ्यांमुळे नाही. वनस्पतीची पेशी वाढते कशी, एवढ्याच कुतूहलाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसांमुळे झाला. पॉल ग्रीन नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ नायटेला या गोड्या पाण्यातल्या शेवाळावर काम करत होते. त्याची पेशी लांब, नळीसारखी वाढते. कोल्चिसिन दिले की लांब वाढायची सोडून ती फुग्यासारखी फुगू लागते. ग्रीन यांनी १९६२ साली म्हटले की पेशीभित्तिकेतले धागे एका दिशेला लावणारे काहीतरी आत असले पाहिजे, आणि ते विभाजनातल्या दोऱ्यांच्याच जातीचे असणार. ते ‘काहीतरी’ कुणी पाहिलेले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, लेडबेटर आणि पोर्टर यांनी हार्वर्ड विद्यापीठात गवताच्या मुळांचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आधीच्या रसायनांनी या नाजूक नळ्या काप तयार करतानाच विरघळून जात. ग्लुटारॅल्डिहाइड हे नवे रसायन वापरल्यावर त्या टिकल्या आणि दिसल्या. भिंतीला लागून, भिंतीतल्या धाग्यांना समांतर. सूक्ष्मनलिका हे नाव त्यांनीच दिले. मानवी शरीराच्या औषधशास्त्रात आज ज्या नळ्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, त्यांचे नामकरण गवताच्या मुळात झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालयात हे कुणी सांगत नाही.

वनस्पतीच्या पेशीत या नळ्या आणखी एक काम करतात, आणि ते सिंदेवाहीच्या पोटापाण्याशी जोडलेले आहे. धानाची काडी उभी राहते ती सेल्युलोजच्या धाग्यांवर. हे धागे पेशीभोवती पिंपाला मारलेल्या कड्यांसारखे आडवे गुंडाळलेले असतात, म्हणून पेशी जाड न होता उंच वाढते. धागे विणणारी यंत्रे पेशीच्या आवरणात बसलेली असतात आणि आतल्या सूक्ष्मनलिकांच्या मागावर, रुळावरून डबा सरकावा तशी सरकतात. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या यंत्रांना चकाकणारे प्रथिन जोडून ती जिवंत रोपात सरकताना प्रत्यक्ष पाहिली. ग्रीन यांच्या अंदाजाला चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

पेशीची मधली भिंत कुठे उभी राहणार, हेही या नळ्या आधी ठरवून ठेवतात. विभाजन सुरू होण्यापूर्वी त्यांचा एक पट्टा पेशीच्या कडेने तयार होतो, जागा आखून देतो आणि नाहीसा होतो. गवंड्याने सुतळी ताणून भिंतीची रेघ मारावी आणि बांधकाम सुरू व्हायच्या आत सुतळी काढून घ्यावी, तसे. ही गंमत १९६६ साली गव्हाच्या रोपात सापडली.

दोऱ्या बिघडल्या की पीक बिघडते. जपानी संशोधकांना धानाचा एक अगदी बुटका, पाने उजवीकडे पिळवटलेली असा प्रकार मिळाला होता; शोध घेतल्यावर दोष ट्युब्युलिनच्या साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा निघाला. काढणीच्या तोंडावर पाऊस-वारा झाला आणि बांधीतला धान लोळला की शेतकऱ्याचे काय होते, हे या भागात कुणाला सांगायला नको. काडी बळकट असणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर शेवटी त्या विणकामापर्यंत जाते.

सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे, धानावर काम करणारे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातल्या ‘पटेल ३’ धानात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या हेरल्या, जपल्या आणि त्यातून एचएमटी धान उभा राहिला. त्यांचे शिक्षण बेताचे होते, नजर मात्र पक्की. या मातीत रोपाकडे निरखून पाहणारी माणसे आहेत, हे सिद्ध करायला आणखी पुरावा नको. उणीव आहे ती त्या नजरेला भिंगाची जोड मिळण्याची.

कारण ट्युब्युलिन या तालुक्यात केवळ कळलावीच्या कंदापुरते नाही. दरवर्षी जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे, त्यामुळे सामुदायिक औषधोपचारात मोठ्यांच्या हातावरही हीच गोळी डीईसीच्या गोळ्यांबरोबर पडते. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिनला चिकटते. माणसाच्या ट्युब्युलिनशी त्याचे फारसे जमत नाही, म्हणून जंत मरतो आणि मूल खेळायला जाते. (गरोदर बाईला सामुदायिक मोहिमेत ही गोळी देत नाहीत, ते याच कारणाने, तिच्या पोटात पेशींचे विभाजन जोरात चालू असते.) त्याच घरात पेरणीच्या आधी बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून कार्बेन्डाझिम चोळले जाते. हे अल्बेंडाझोलचे सख्खे भावंड, एकाच रासायनिक घराण्यातले. ते बुरशीच्या ट्युब्युलिनला धरते. आवत्या धानात किंवा सोयाबीनमध्ये पेरणीनंतर लगेच पेंडीमिथॅलिन फवारतात. ते वनस्पतींच्या ट्युब्युलिनला धरते, प्राण्यांच्या नाही. तणाचे बी रुजते, पण मुळाची टोके गाठीसारखी फुगतात आणि तिथेच थांबतात. ग्रीन यांच्या शेवाळाला झाले तेच. धानाचे ट्युब्युलिन तणापेक्षा फार वेगळे नसते, म्हणून या औषधात मात्रा, वेळ आणि बी किती खोल पडले याला महत्त्व असते. डबा जास्त ओतला तर धानही बसतो.

अंगणातल्या सदाफुलीतली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन हीसुद्धा ट्युब्युलिनलाच धरतात. कॅनडात नोबल आणि बीअर यांनी १९५८ साली सदाफुलीतून विनब्लास्टिन वेगळे केले. शोध चालला होता मधुमेहाच्या औषधाचा, हाती लागले कर्करोगाचे. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलाला विनक्रिस्टिनचे इंजेक्शन देतात आणि त्याचे केस गळतात, तेव्हा आई घाबरते. कळलावीने केस जातात आणि या औषधाने जातात, त्यामागचे कारण एकच. फरक आहे तो मोजून दिलेल्या मात्रेचा आणि पाळत ठेवणाऱ्या डॉक्टरांचा.

म्हणजे शाळेतली गोळी, बियाण्याची पुडी, फवारणीचा डबा, कर्करोगाचे इंजेक्शन आणि जंगलातला कंद ही पाचही एकाच प्रथिनाच्या लहानलहान फरकांवर चालतात. हे फरक कायमचे नसतात, आणि काळजीचे कारण हेच. जंतामध्ये ट्युब्युलिनच्या साखळीतले २००व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की अल्बेंडाझोलच्या जातीची औषधे बोथट होतात. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांमध्ये हे जगभर घडलेले आहे. बुरशीत १९८व्या जागेचा बदल कार्बेन्डाझिमला निष्प्रभ करतो. नाचणीच्या जातकुळीतल्या एका रानगवताने अमेरिकेच्या कापसाच्या शेतात पेंडीमिथॅलिनच्या घराण्याला दाद देणे सोडले; १९९८ साली त्याचे कारण ट्युब्युलिनच्या २३९व्या जागेवर सापडले. अंदाजाने शेळीला अर्धी गोळी पाजणे, बियाण्याला चिमूटभर कमी औषध लावणे, तेच तणनाशक वर्षानुवर्षे मारणे, या गावातल्या रोजच्या सवयी आहेत. तीन वेगवेगळी खाती त्या सवयींबद्दल तीन वेगवेगळी पत्रके काढतात. आरोग्य, पशुसंवर्धन आणि कृषी खात्याच्या माणसांना तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत बसवून हा एक धागा समजावून सांगितला, तर पत्रकांपेक्षा जास्त काम होईल.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. ज्या तालुक्यात वाघाच्या धाकाने तेंदूपाने आणि मोहफुले वेचायला जाणे जिवावर बेतते, रुग्णालयात डॉक्टरांच्या जागा भरायच्या म्हटले की नाकीनऊ येतात, तिथे वनस्पतीच्या पेशीतल्या नळ्या मोजण्याची चैन कुणाला? आक्षेप खोटा नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिंदेवाहीत आणून ठेवा, असे कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. तसली यंत्रे मोठ्या संस्थांत आहेत. मुंबईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने ट्युब्युलिन आणि त्याला चिकटणारी औषधे यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. पण त्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पूर्व विदर्भातली मुलगी पोहोचायची असेल, तर पेशीच्या आत काही हलते आहे, हे तिने सोळाव्या-सतराव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते.

आणि ते पाहायला फारसा खर्च येत नाही. या भागात मामा तलाव आणि बोड्या आहेत, त्यांत हायड्रिला भरपूर. त्याचे कोवळे पान काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचे, थोडा वेळ उजेडात राहू द्यायचे आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. हिरवे कण पेशीच्या कडेने रांगेत फिरताना दिसतात, जत्रेतल्या पाळण्यासारखे. कॉर्टी या इटालियन अभ्यासकाने १७७४ साली अशी हालचाल पाण्यातल्या वनस्पतीत पाहिली होती. आज माहीत आहे की ते कण अ‍ॅक्टिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंवरून ओढले जातात. हे तंतू सूक्ष्मनलिकांहूनही बारीक, सात नॅनोमीटरचे. आणि माणसाचा दंड ज्या प्रथिनांनी आखडतो त्याच घराण्यातली प्रथिने इथे पानात काम करत असतात. अकरावी-बारावीच्या वर्गात पेशीच्या सांगाड्यावर मोजक्या ओळी पाठ करून घेतल्या जातात, कांद्याच्या मुळाची तयार काचपट्टी दाखवली जाते, बहुतेक ठिकाणी तर वहीतली आकृतीच. कुलूपबंद कपाटातला सूक्ष्मदर्शक तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत स्थापन झाले ते या दोन जिल्ह्यांचा विचार करून. त्याच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना कळलावी, तिचे कोल्चिसिन, धानाचे मूळ आणि तणनाशक हाच प्रकल्प द्यावा. सामग्री दारात आहे. मोजे घालायची शिस्त तेवढी शिक्षकाने लावावी, आणि कंद चाखून पाहण्याचा मोह कुणाला होऊ देऊ नये.

दुसऱ्या बाजूचा हट्टही सोडायला हवा. जंगलातले ते सगळे औषध, दुकानातले ते सगळे विष, असे म्हणणारे शहरात वाढत आहेत आणि मोबाइलवरून त्यांचे बोलणे खेड्यात पोहोचते आहे. गडचिरोलीच्या बायकांची झाडांविषयीची जाण किती बारीक आहे, हे डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात मांडले आहे. त्या जाणतेपणाचा आदर ठेवूनही कळलावीच्या बाबतीत स्पष्ट बोलावे लागते. कोल्चिसिन हे उत्तम औषध आहे. गाउटच्या दुखण्यात अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी काम करते, आणि अमेरिकेत २०२३ पासून तेवढीच रोजची मात्रा काही हृदयरुग्णांसाठीही मान्य झाली आहे. पण त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. मूत्रपिंड अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर नेहमीची गोळीसुद्धा अंगावर येते. कंदात कोल्चिसिन किती आहे हे जमीन, ऋतू आणि वेलीचे वय यांवर बदलते. ते उगाळणाऱ्याला कळत नाही आणि डॉक्टरलाही नुसते पाहून कळणार नाही. बाळंतपणात कळा आणायला रुग्णालयात ऑक्सिटोसिन आहे, थेंब मोजून देता येते, नको तेव्हा थांबवता येते. कंद थांबवता येत नाही.

कोल्चिसिनच्या विषबाधेवर सहज मिळणारा उतारा नाही. डायलिसिसने ते रक्तातून निघत नाही. फ्रान्समध्ये खास प्रतिपिंडे देऊन एक रुग्ण वाचवल्याची नोंद १९९५ साली झाली, पण ती प्रतिपिंडे बाजारात आली नाहीत. हातात उरतात ते पहिले काही तास, रुग्णाला काहीच झालेले नाही असे वाटते तेच. तेवढ्यात तो ग्रामीण रुग्णालयात पोहोचला, तर पोटातले विष कमी करता येते आणि चंद्रपूरला वेळेत पाठवता येते. घरच्यांनी उरलेला कंद, पान, फूल जे असेल ते पिशवीत घालून बरोबर आणावे. कळलावीचे पान टोकाला वळून धाग्यासारखे होते आणि त्याने वेल आधाराला धरते. एवढी खूणही ओळखायला पुरते. पावसाळ्यात उलटी-जुलाबाचा तरुण रुग्ण आला की परवा-कालपासून कोणता कंद, कोणती जडीबुटी पोटात गेली, हे विचारायचा प्रश्न केसपेपरवर छापलेला असावा. दुसऱ्या दिवशी बरे वाटते म्हणून त्याला घरी सोडू नये आणि रक्तपेशींची तपासणी रोज करावी. शंका असेल तर कंदाचा फोटो तालुक्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवावा. त्यांचा नंबर अपघात विभागाच्या भिंतीवर, सर्पदंशाच्या तक्त्याशेजारी, भाद्रपद लागण्यापूर्वी लिहून ठेवता येईल.